डोळ्यांतील सूक्ष्म द्वारे आणि आपल्या सोयरिकी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चिंचवड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात दोन शब्द बोलण्यासाठी मंडळाने मला पाचारण केले, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा अत्यंत ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी व यशस्वी उद्योजकांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक; खेड तालुक्यातील प्राथमिक शाळांतून मुलांना पाढे व बाराखडी शिकविण्यात माझी हयात गेली. वैद्यकाचा अधिकार मला यत्किंचितही नाही. तथापि आज जो विषय मी मांडणार आहे, तो प्रथम माझ्या घरात आला आणि त्यावरील पुस्तके मी मागाहून धुंडाळली. आमच्या कुटुंबाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या असंख्य शंकांचे निरसन केले, म्हणूनच हे धाडस करीत आहे. माझ्या मुलीची, जावयाची आणि नातीची अनुमती घेऊन मी बोलत आहे, हेही आरंभीच सांगून ठेवतो.

माझी थोरली बहीण आमच्या आत्याच्याच घरी दिली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, लहानपणापासून दिवेलागणीनंतर चाचपडत चाले. ओट्याची पायरी त्याला चुके. ताटातील वाटी तो हाताने शोधी. गावात त्याला रातांधळा म्हणत. घरच्यांनी शेवग्याचा पाला खाऊ घातला, माशाचे तेल पाजले, आरोग्य केंद्रातील जीवनसत्त्वाचे डोस दिले. गुण आला नाही. मी मात्र शिक्षकाच्या ऐटीत बहिणीस सांगत असे, ‘वय वाढले की जाईल.’ एकदा शाळेच्या संमेलनाची तालीम सायंकाळी लांबली आणि तो मंडपाच्या खांबावर आदळला. लक्ष कोठे आहे, असे विचारून मी त्याच्या कानशिलात लगावली. त्या चपराकीचा आवाज आजही माझ्या कानांत आहे.

पुढे तो आय.टी.आय. होऊन भोसरीच्या एका कारखान्यात लागला. बहिणीने माझ्या मुलीस मागणी घातली. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे आपल्याकडे सर्वमान्यच आहे. माझ्या पत्नीने तेव्हा एकच प्रश्न विचारला: ‘पोराला संध्याकाळचे दिसत नाही, त्याचे काय?’ मी म्हणालो, ‘घरचे पोर आहे. बाहेर चौकशा करीत कोण बसतो?’ लग्न झाले.

कारखान्यात तीन पाळ्या असत. दिवसपाळीत त्याच्यासारखा कामगार नाही असे म्हणत. रात्रपाळीत मात्र फाटकापासून यंत्रापर्यंतच्या अंधाऱ्या वाटेवर तो अडखळे. वरिष्ठांना दारूचा संशय आला. दोनदा त्याचे तोंड हुंगण्यात आले आणि अखेर त्याला कामावरून कमी केले. दरम्यान त्याला मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना एका सायंकाळी आईच्या पुढ्यातच उभी राहून ‘आई कुठे आहेस?’ म्हणून रडू लागली. तेव्हा माझी बहीण म्हणाली, ‘आमच्या घरात असे कधी नव्हते. सुनेच्या पायगुणाने आले.’ आपला स्वतःचा मुलगा पंचवीस वर्षे चाचपडतो आहे, याचा त्या माउलीला क्षणभर विसर पडला. मी तिला दोष देत नाही. आपल्या समाजात असा दोष ठेवण्यासाठी सुनेची जागा फार पूर्वीपासून राखून ठेवलेली आहे.

मित्रहो, आता या रोगाचे मूळ पाहू.

डोळ्याच्या आत मागील बाजूस एक नाजूक पडदा असतो. त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आहेत. शलाका पेशी अंधुक प्रकाशात काम करतात. त्या एका डोळ्यात सुमारे १२ कोटी असतात. शंकू पेशी भर उजेडात काम करतात व रंग दाखवितात; त्या सुमारे ६० लाख असतात. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते आणि त्या आवरणात प्रथिनांची बनलेली अतिसूक्ष्म द्वारे असतात. सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम, क्लोराईड इत्यादी द्रव्यांचे विद्युतभार असलेले कण, ज्यांना आयन म्हणतात, ते या द्वारांतून आत-बाहेर करतात. त्यांच्या येण्याजाण्याने जी वीज निर्माण होते, तिच्यावरच आपले पाहणे, ऐकणे, हृदयाचे ठोके, सारे चालते. एकेका द्वारातून वाहणारा क्षीण विद्युतप्रवाह मोजण्याची युक्ती जर्मनीतील एर्विन नेहेर व बेर्ट झाकमान या शास्त्रज्ञांनी शोधली. त्याबद्दल त्यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या चाकणला संग्रामदुर्ग आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तो शाएस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजविला. किल्ल्याचे दरवाजे सूर्यास्तास बंद होत व पहाटे उघडत, हे आपण जाणतो. डोळ्यातील शलाका पेशीची रीत नेमकी उलटी आहे. अंधारात तिची द्वारे उघडी असतात व सोडियम-कॅल्शियमचे कण आत येत राहतात. प्रकाश पडला की ती द्वारे मिटतात. द्वारे मिटल्याचा जो परिणाम होतो, तीच ‘उजेड दिसला’ ही वर्दी होय; ती मज्जातंतूंवाटे मेंदूस पोहोचते.

ही द्वारे उघडी ठेवणारे एक द्रव्य पेशीत असते. आपण त्यास कारखान्याच्या गेटपाससारखे समजू. अंधारात गेटपास विपुल असतात, म्हणून फाटक उघडे राहते. प्रकाशाचा कण आला की पेशीतील यंत्रणा हे पास भराभर नष्ट करते आणि फाटक बंद होते. हे द्रव्य थेट द्वारालाच जोडले जाऊन ते उघडते, हे रशियातील फेसेंको व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखविले.

शलाका पेशीचे हे द्वार चार प्रथिनांचे मिळून बनते. त्यांपैकी तीन एका जातीची व एक दुसऱ्या जातीचे. पहिल्या जातीचा आराखडा ज्या जनुकात असतो त्याचे नाव सी.एन.जी.ए.-१; दुसऱ्याचे सी.एन.जी.बी.-१. पहिल्यातील दोषाने आनुवंशिक रातांधळेपण येते हे १९९५ साली सिद्ध झाले. दुसऱ्याचे २००१ साली. आमच्या घरचा दोष या दुसऱ्या जनुकात निघाला. द्वाराचे एक प्रथिन नीट बनत नाही, म्हणून शलाका पेशींचे कार्य लहानपणापासूनच मंद असते व पुढे त्या हळूहळू मरतात. शलाका पेशी मेल्या की त्यांच्या आधाराने जगणाऱ्या शंकू पेशीही कालांतराने क्षीण होतात. प्रथम रात्रीची दृष्टी जाते, मग बाजूचे दिसेनासे होते व माणूस नळीतून पाहावे तसा समोरचे तेवढे पाहतो. गंमत अशी, की हेच प्रथिन नाकातील गंध ओळखणाऱ्या पेशींच्या द्वारांतही असते. म्हणून या प्रकारच्या अनेक रुग्णांना वास कमी येतो. डॉक्टरांनी हे सांगताच माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. फोडणी करपून घर धुराने भरले तरी आमच्या जावयास पत्ता लागत नसे, आणि आम्ही त्यास वेंधळेपणा म्हणत होतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही रातांधळेपण येते. ते योग्य आहाराने व औषधाने बरे होते, आणि त्यासाठी आपल्या देशात १९७० पासून बालकांना डोस देण्याची योजना आहे. जे रातांधळेपण अशा उपचाराने जात नाही व जे एकाच कुटुंबात पुनःपुन्हा दिसते, त्याची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडूनच करवावी. आपल्या मनाने जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा करू नये; अतिरेकाने यकृतास अपाय होतो व गर्भवतीच्या बाळासही धोका असतो.

द्वारांचे दोष अनेक तऱ्हांचे आहेत. शंकू पेशींच्या द्वारात दोष असेल तर मूल उजेडात डोळे मिटून घेते, त्याची बुबुळे सारखी हलतात, त्यास रंग ओळखता येत नाहीत. रात्री मात्र ते बरे वावरते. पोटॅशियमच्या एका द्वारातील दोषाने काही बालके जन्मतःच दृष्टिहीन असतात. क्लोराईडच्या एका द्वारातील दोषाने दृष्टिपटलाच्या मध्यभागी अंड्यातील बलकासारखा पिवळा डाग पडतो. कॅल्शियमच्या एका द्वाराचे जनुक ‘क्ष’ गुणसूत्रावर असते. त्यातील दोष बाधा न झालेल्या मातेकडून मुलांत उतरू शकतो. यांपैकी कोणताही दोष कोणाच्या पापाने, पायगुणाने वा ग्रहणात भाजी चिरल्याने होत नाही.

आता मी माझ्या हातखंड्याचा विषय घेतो, तो म्हणजे गणित. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. आमच्या घरच्या रोगात एक प्रत सदोष व दुसरी निर्दोष असेल तर माणूस निरोगी राहतो. त्यास वाहक म्हणतात. दोन्ही प्रती सदोष असतील तरच रोग होतो. भाच्यास रोग आहे, तेव्हा माझी बहीण वाहक असलीच पाहिजे. मग ती प्रत आमच्या आईवडिलांपैकी एकाकडे होती आणि ती माझ्याकडे येण्याची शक्यता दोनांत एक. माझ्याकडून माझ्या मुलीकडे जाण्याची शक्यता पुन्हा दोनांत एक. म्हणजे एकूण चारांत एक. तिच्याकडून अपत्याकडे जाण्याची आणखी दोनांत एक. भाच्याजवळ दोन्ही प्रती सदोष, म्हणून तो अपत्यास सदोष प्रत देणारच. एकंदर हिशेब आठांत एक झाला. आता समजा, भाच्याची पत्नी नात्यातील नसती आणि तिच्या समाजात शंभरांत एक वाहक असता, तर हाच हिशेब दोनशेंत एक झाला असता. मी शाळेत शेकडो मुलांना अपूर्णांकांचा गुणाकार शिकविला. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी हा गुणाकार मी केला नाही.

माझ्या मुलीस दुसरे अपत्य झाले, तो मुलगा निरोगी आहे. परंतु वडिलांकडून आलेली सदोष प्रत त्याच्याजवळ आहेच. तो वाहक आहे व त्याला त्यापासून काहीही त्रास नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाहक म्हणजे रोगी नव्हे.

कोणी म्हणेल, एका घरच्या दुर्दैवाचा बोभाटा कशाला? त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देतो. प्रशांत महासागरात पिंगेलाप नावाचे एक चिमुकले बेट आहे. सुमारे १७७५ साली तेथे भयंकर वादळ झाले आणि त्यातून व नंतरच्या उपासमारीतून अवघी वीसेक माणसे वाचली. त्यांचीच प्रजा पुढे आपसांत लग्ने करीत वाढली. परिणामी तेथे शेकडा ४ ते १० माणसांना रंग दिसत नाहीत व दिवसाचा प्रकाश सोसत नाही. अन्यत्र हा रोग तीस-चाळीस हजारांत एखाद्यास असतो. त्याचे कारण म्हणजे शंकू पेशींच्या द्वारातील एका प्रथिनाचा दोष, हे २००० साली उघड झाले. दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. आनुवंशिक रातांधळेपणाचे प्रमाण जगात साधारणतः चार हजारांत एक मानले जाते. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीवरील सुमारे ४,७०० लोकांची डोळ्यांची तपासणी झाली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेथे हे प्रमाण सुमारे ७५० त एक आढळले.

ज्ञातिबांधवहो, आपली ज्ञाती काही समुद्रातील बेट नाही. परंतु मोजकी आडनावे, मोजकी गावे आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या त्यांतच, ही आपली रीत बेटाहून फारशी निराळी आहे काय? विदुषी इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील या मामे-आते विवाहांचा सविस्तर विचार केला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यातील विवाहांना मनाई केली, परंतु जेथे तशी रूढी आहे तेथे मोकळीक ठेवली. आपले वडीलधारे असे विवाह करीत, त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलगी ओळखीच्या घरी पडावी, जमीन घरात राहावी, म्हातारपणी सून परकी वाटू नये, हे त्यांचे विचार होते. नात्यातील प्रत्येक लग्नाची संतती रोगी निपजते असेही नव्हे. बहुसंख्य अपत्ये निरोगीच असतात. माझे म्हणणे एवढेच, की ज्या घराण्यात दृष्टीचा आनुवंशिक दोष दिसून आला आहे, त्या घराण्यात तरी नात्यातील लग्न टाळावे, आणि दोष लपवून तर कोणाचेही लग्न करू नये.

लपविण्याचे दिवसही आता गेले आहेत. पूर्वी खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांतील शेतकरी दिवस मावळण्यापूर्वी घरी परते. रातांधळ्या माणसाचे सारे आयुष्य तसेच निभावे व घरापलीकडे कोणास कळतही नसे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. त्यामागून आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. आपली मुले रात्रपाळीस जाऊ लागली, नाशिक रस्त्यावरून अंधारात मोटारसायकली हाकू लागली. जो दोष गावात ओसरीआड राहत होता, तो येथे यंत्रापाशी व रस्त्यावर प्राणावर बेततो. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत भर उजेडात तक्ता वाचून दाखविला की डोळे उत्तम ठरतात. अंधारात कोणी पाहत नाही. म्हणून तरुणांनी आपण होऊन वरिष्ठांना सांगावे व दिवसपाळी मागून घ्यावी. आमच्या भाच्याने लाजेपायी सांगितले नाही आणि आम्हीही त्यास सांगू दिले नाही.

उपाय काय, असे आपण विचाराल. गेलेली दृष्टी परत आणणारे औषध या प्रकारासाठी आज नाही; तसे सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून दूर राहावे. आर.पी.ई.-६५ या एका निराळ्या जनुकाच्या दोषावर अमेरिकेत २०१७ साली जनुकोपचार मान्य झाला. त्याची किंमत दोन डोळ्यांस साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे शंकू पेशींच्या द्वाराच्या दोषावर नऊ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. उपचार निर्धोक दिसला व काहींची दृष्टी थोडी सुधारली, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. आशा आहे, परंतु कोणत्या जनुकाचा दोष आहे हे कळल्यावाचून उद्याचा उपचारही उपयोगी पडणार नाही. यास्तव शंका येताच पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाच्या वा पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवावे. जनुकांची तपासणी व सल्ला यांसाठी हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था व चेन्नईचे शंकर नेत्रालय यांसारख्या संस्था आहेत. दृष्टी ठराविक मर्यादेखाली गेल्यास अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. २०१६ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत अपंगांसाठी चार टक्के जागा राखल्या असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा आहे. लाजेपायी हे हक्क सोडू नयेत.

शेवटी मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या वधूवर-सूचक नोंदणीपत्रकात देवक, रास, नक्षत्र, मंगळ यांचे रकाने आहेत. त्यांच्याखाली आणखी एक रकाना असावा: ‘कुटुंबात दृष्टीचा आनुवंशिक विकार आहे काय?’ भरणे ऐच्छिक असावे. माहिती छापू नये, दोन्ही पक्षांची बोलणी सुरू झाल्यावर त्यांनाच द्यावी. त्यामुळे लग्ने मोडतील, अशी भीती काहींना वाटेल. मोडण्याची गरज नाही. वाहकाने वाहक नसलेल्या जोडीदाराशी विवाह केला तर त्यांच्या मुलांना आमच्या घरचा हा रोग होत नाही. तेवढी तपासणी करून मग खुशाल अक्षता टाकाव्यात.

माझ्या नातवाचा अर्ज आपल्याकडे येण्यास अद्याप काही वर्षे आहेत. तो रकाना त्या वेळी आम्ही भरूच. पण आज मंडळाने तो छापला, तर पहिली नोंद माझ्या घराची घ्यावी, अशी विनंती आहे. माझी नात आता महाविद्यालयात शिकते. सायंकाळचे तास तिने सोडले आहेत, अभ्यास सोडलेला नाही. काल मी हे भाषण तिला वाचून दाखविले. ती म्हणाली, ‘आजोबा, माझे नाव सांगू नका, पण रोगाचे नाव नीट सांगा.’ तिची ही आज्ञा मी माझ्या कुवतीप्रमाणे पाळली आहे. माझी बहीण आज या सभागृहात पहिल्या रांगेत माझ्या मुलीशेजारी बसली आहे. बाहेर अंधार पडू लागला आहे. घरी परतताना तिचा मुलगा आणि नात यांचे हात धरावयास तिला माझ्या मुलीचीच सोबत आहे.